क्षमावाणीचा अर्धा फोन



दशलक्षण पर्व तोंडावर आलं आहे. तुमच्याकडेही धान्य निवडणं, दळणं करून ठेवणं, कपाटातले पूजेचे कपडे बाहेर काढणं चाललं असेल. दरवर्षी या दिवसांत मी उपवासाच्या तयारीबद्दल किंवा पारण्याच्या पदार्थांबद्दल लिहिते. यंदा मात्र फोनबद्दल लिहिणार आहे. हसू नका. क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्याजणी सर्वात जास्त काय करतो, तर फोनच करतो. आणि मागच्या वर्षी त्याच दिवशी केलेल्या एका फोनमुळे माझं आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचं बोलणं आठ महिने बंद होतं.

आम्ही कशेडीला राहतो हे जुन्या वाचणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे. एका अंगाला पोलादपूर, दुसऱ्या अंगाला खेड, आणि मध्ये हा घाट. ह्यांच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि इथलेच झालो. सासर मात्र कोल्हापूरकडचं. सासूबाई थोरल्या दिरांकडे असतात. थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या आठवड्यात इकडे पाऊस असा लागला होता की घराबाहेर पडणं कठीण. आम्ही चार दिवस उशिरा पोहोचलो. अक्का थकलेल्या होत्या, त्या बोलून गेल्या, "तुम्ही काय, पाहुण्यासारखे येणार!" मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या दाराशी दवाखाना आहे, आमच्या दाराशी घाट आहे." एवढंच. पण दोघींच्याही मनात ते राहिलं.

पुढे महिनाभरात पर्व आलं. दहा दिवस रोज मनाशी ठरवत होते की क्षमावाणीला पहिला फोन अक्कांना करायचा. त्या दिवशी संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवणं उरकली, ओटा पुसला आणि तिथेच उभी राहून फोन लावला. नेहमीसारखा मेसेजच्या ॲपवरून लावला. रिंग वाजली, अक्कांनी उचलला. मी बोलायला लागले, त्याही बोलायला लागल्या. मी थांबले, त्याही थांबल्या. पुन्हा दोघी एकदम. मग मी धीर करून म्हटलं, "अक्का, माझं काही चुकलं असेल तर तुमचं मन मोठं आहे, मला क्षमा करा."

पलीकडून काहीच नाही. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग फोन बंद झाला.

मला वाटलं, अक्कांनी फोन ठेवला. क्षमावाणीच्या दिवशी, मी क्षमा मागितल्यावर! रात्रभर झोप आली नाही. मी पुन्हा फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. सासूबाईंशी मी बोलायची ती अक्कांच्याच फोनवरून, त्यामुळे तेही थांबलं. थंडीत सासूबाई आठ दिवस दवाखान्यात होत्या. भावाभावांचं बोलणं चालू होतं म्हणून मला कळलं तरी. ह्यांनी दोनदा म्हटलं, "तू एक फोन कर." मी केला नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

मे महिन्यात अक्कांची मुलगी गोव्याला जाताना दोन दिवस आमच्याकडे उतरली. ती पुण्याला एका कंपनीत आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनचंच काम करते. रात्री मच्छरदाणी लावताना तिला मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती आईची बाजू घेईल किंवा माझी समजूत घालेल. तिने विचारलं, "काकू, फोन कशावरून केला होतास? साधा की ॲपवरून? वाय-फाय होतं की मोबाईलचं नेट? कुठे उभी होतीस?"

मी म्हटलं, "अगं, फोन तो फोन. कशावरून म्हणजे काय?"

मग दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता तिने मला जे सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे. शब्द इंग्रजी आहेत, पण गोष्टी आपल्या घरातल्याच आहेत.

आधी जुना फोन

आपल्या देशात टेलिफोनची पहिली एक्स्चेंज सुरू झाली ती २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईत. एक्स्चेंज म्हणजे जिथे सगळ्या घरांच्या तारा येऊन मिळतात ती जागा. तिथे बसलेली माणसं हाताने एका घराची तार दुसऱ्या घराच्या तारेला जोडून द्यायची. गावाबाहेर बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा. दोन एक्स्चेंजना जोडणारी जी मोठी तार ती ट्रंक. माझ्या माहेरी सांगलीकडे लहानपणी कुणाचा ट्रंक कॉल आला की घरातले आधी घाबरायचे, कारण बातमी बहुधा वाईटच असायची.

मग एसटीडी आलं. आपण वर्षानुवर्षं हा शब्द वापरला, पण त्याचा अर्थ मला पुतणीने सांगितला. सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग. म्हणजे ज्याच्याकडे फोन आहे त्याने स्वतःच ट्रंक लावायचा, मध्ये ऑपरेटर नको. देशात ते पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनऊ यांच्यामध्ये सुरू झालं. त्यासाठी प्रत्येक भागाला शून्यापासून सुरू होणारा कोड मिळाला. मुंबईचा ०२२, कोल्हापूरचा ०२३१, सांगलीचा ०२३३. आमच्याकडे महाडचा ०२१४५, पोलादपूरचा ०२१९१, आणि घाट उतरून खेडला गेलं की ०२३५६. परदेशी बोलायचं तर आयएसडी. परदेशातून आपल्याकडे फोन करताना नंबरच्या आधी जो ९१ लावतात, तो आपल्या देशाचा कोड.

पुढे १९८४ साली सरकारने सी-डॉट नावाची संस्था काढली. तिने आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल अशी १२८ लाईनची छोटी एक्स्चेंज खेड्यांसाठी तयार केली. गावोगावच्या पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आठवतात ना? पीसीओ म्हणजे पब्लिक कॉल ऑफिस. रात्री उशिरा दर कमी व्हायचे म्हणून बायाबापड्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि समोरच्या यंत्रावर पैशांचे लाल आकडे पळताना बघून अर्ध्या गोष्टी मनातच राहायच्या.

या सगळ्या जुन्या जाळ्याला पीएसटीएन म्हणतात, म्हणजे सार्वजनिक टेलिफोनचं जाळं. त्याची मुख्य खूण एकच. फोन उचलल्यापासून ठेवेपर्यंत दोघांच्या मधली एक वाट फक्त त्या दोघांसाठी राखून ठेवलेली असायची. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, त्या वाटेवर दुसरं कुणी येणार नाही. याला सर्किट म्हणतात.

पुतणी म्हणाली, "काकू, असं समज की तुझ्या घरच्या लग्नाचं वऱ्हाड खेडहून पोलादपूरला यायचं आहे, आणि तेवढ्यासाठी सगळा कशेडी घाट बंद करून ठेवलाय. वऱ्हाड येईल निवांत, एका ओळीत, एकही माणूस चुकणार नाही. पण बाकीच्या गाड्यांनी काय करायचं?"

आता आवाजाचं वऱ्हाड

इंटरनेटवरून जो आवाज जातो त्याला व्हीओआयपी म्हणतात. काहीजण नुसतं व्हॉइप म्हणतात. व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे रीत. आपल्याकडे पंगत कशी बसवायची याची रीत ठरलेली असते, तशी इंटरनेटवर माल पाठवायची ठरलेली रीत.

यात घाट कुणासाठीच बंद करत नाहीत. वऱ्हाड छोट्या छोट्या गाड्यांत बसवून रस्त्यावर सोडतात. प्रत्येक गाडीवर लिहिलेलं असतं, कुठून निघाली, कुठे जायची आणि कितव्या नंबरची. त्याच रस्त्यावर दुसऱ्यांच्या गाड्या, ट्रक, एसटी सगळंच चाललेलं असतं. काही गाड्या जुन्या घाटाने येतील, काही नव्या बोगद्याने. पोलादपूरला पोहोचल्यावर नंबर बघून पुन्हा ओळ लावायची. या छोट्या गाडीला पॅकेट म्हणतात.

एका पॅकेटात साधारण किती आवाज बसतो? एका सेकंदाचा पन्नासावा भाग. म्हणजे आपण एक सेकंद बोललो की पन्नास पॅकेटं निघाली.

त्याआधी आवाजाचे आकडे करावे लागतात. टेलिफोनमध्ये आवाज एका सेकंदात ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहितात. तो सगळा हिशेब सेकंदाला ६४ किलोबिट होतो. तेवढं ओझं पाठवायचं नसेल तर ते आटवतात. या आटवण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. मला हे लगेच पटलं, कारण आपण चातुर्मासाआधी वाळवण करतोच की. पाणी काढलं, वजन कमी झालं, डब्यात मावलं. पुढे पाण्यात भिजवलं की पुन्हा भाजी. चव ओल्या भाजीची तंतोतंत नाही, पण भाजी ओळखू येते. फोनवर आवाज कधी कधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो तो फार आटवल्यामुळे.

आता तीन शब्द नीट लक्षात ठेवा, माझं सगळं भांडण या तीन शब्दांत होतं.

पहिला लेटन्सी, म्हणजे उशीर. माझ्या तोंडून निघालेला शब्द पलीकडच्या कानापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. तो सेकंदाच्या सातव्या हिश्शापर्यंत, म्हणजे साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर आपल्याला कळतही नाही. त्याहून बराच वाढला की दोघी एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात, पुन्हा एकदम बोलतात. मला वाटत होतं की अक्का मला बोलू देत नाहीत. त्यांना वाटत होतं की मी त्यांचं तोडते आहे. प्रत्यक्षात दोघीही एकमेकींची वाट बघत होतो, फक्त ते एकमेकींना उशिरा कळत होतं.

दुसरा जिटर. सगळ्या गाड्यांना सारखाच उशीर झाला तर चालतं, पण एक लवकर, एक उशिरा, दोन एकदम असं झालं की पंचाईत. म्हणून आपला फोन आलेली पॅकेटं क्षणभर थांबवून घेतो, ओळ लावतो आणि मग ऐकवतो. पंगतीत सगळे बसल्याशिवाय वाढायला सुरुवात करत नाहीत तसं. पण पंगत फार वेळ थांबवता येत नाही.

म्हणून तिसरा शब्द, पॅकेट लॉस. जे पॅकेट वेळेत आलं नाही ते सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. इथे मी तिला अडवलं. "मग नातवंडांचे फोटो कसे पूर्ण येतात? अर्धा फोटो कधी आला नाही मला." ती म्हणाली, "फोटोचं पॅकेट हरवलं तर फोन ते पुन्हा मागवून घेतो. दोन मिनिटं उशीर झाला तरी फोटोला फरक पडत नाही. पण बोलण्यातला हरवलेला शब्द पुन्हा मागवला तर तो पुढच्या वाक्यात येऊन पडेल. म्हणून आवाजाच्या बाबतीत गेलेलं पॅकेट गेलं." एखाद-दुसरं गेलं तर फोन मागच्या-पुढच्या आवाजावरून ती फट बुजवतो, आपल्याला कळत नाही. एका ओळीत वीस-पंचवीस गेली की आख्खा शब्द गेला. अर्धा सेकंदच तो!

मी शेंगा सोलायची थांबले. विचारलं, "मग त्या दिवशी तुझ्या आईला काय ऐकू आलं असेल?"

तिने माझ्याकडे बघितलं. "काकू, मला माहीत आहे. आई मला सांगून रडली होती. तिला ऐकू आलं ते असं, 'अक्का… चुकलं असेल… तुमचं… क्षमा…' आणि मग फोन बंद."

मैत्रिणींनो, काय झालं ते लक्षात आलं का? माझ्या वाक्यातलं "माझं काही" वाटेत पडलं. "मन मोठं आहे" पडलं. "मला" पडलं. उरलं ते असं की चूक अक्कांची, आणि मी मोठेपणाने त्यांना क्षमा करते आहे! आणि एवढं बोलून मी फोन ठेवला, असं त्यांनी धरलं. मी धरलं होतं की त्यांनी ठेवला. ठेवला कुणीच नव्हता. आमच्या ओट्याजवळ मोबाईलची एकच कांडी येते, तीही पावसात जाते.

मग साधा फोन वेगळा असतो का?

हा प्रश्न मी विचारला, तुम्हालाही पडला असेल. रिंग तर नीट वाजली होती. तिने सांगितलं की रिंग वाजवणं हे एक काम आणि आवाज नेणं हे दुसरं. रिंगचा निरोप लहानसा असतो, तो बारीक वाटेनेही पोहोचतो. आवाजाचं वऱ्हाड त्याच वाटेने सुखरूप येईलच असं नाही.

आज आपल्या हातातल्या एकाच फोनमधून तीन वाटांनी आवाज जाऊ शकतो.

एक, ॲपवरचा कॉल. तो मोकळ्या इंटरनेटवरून जातो. तिथे तुमचा आवाज, शेजारच्या मुलाची गेम आणि कुणाचा तरी सिनेमा सगळे एकाच रस्त्याने जातात, सगळ्यांना सारखाच मान. दोघांकडे तेच ॲप आणि दोघांकडे चांगलं नेट लागतं. परदेशातल्या लेकीशी बोलायला याच्यासारखं दुसरं नाही, कारण दर मिनिटाचे पैसे पडत नाहीत.

दोन, नंबर फिरवून केलेला साधा कॉल. तो आता साधा राहिलेला नाही. पूर्वीच्या मोबाईलमध्येही आवाजासाठी सर्किट राखलेलं असायचं. ४जी मध्ये ते नाही, तिथे आवाजसुद्धा पॅकेटातूनच जातो. त्याला व्होएलटीई म्हणतात. आपल्याकडे हा शब्द घरोघरी झाला तो २०१६ नंतर. पण यात एक फरक आहे. हा कॉल मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून जातो आणि तिथे आवाजाच्या पॅकेटांना आधी वाट देतात, घाटात रुग्णवाहिकेला देतात तशी. म्हणून जिथे ॲपवर आवाज तुटतो तिथे कधी कधी साधा कॉल नीट लागतो.

तीन, वाय-फाय कॉलिंग. हे मला अजिबात माहीत नव्हतं. घरात ब्रॉडबँड आहे पण मोबाईलची रेंज नाही, अशा घरांसाठी हे आहे. फोनच्या सेटिंगमध्ये "वाय-फाय कॉलिंग" असं बटण असतं, ते चालू करायचं. मग नेहमीचाच नंबर, नेहमीसारखाच फिरवायचा, पण आवाज टॉवरकडे न जाता घरच्या वाय-फायवरून कंपनीच्या जाळ्यात जातो. समोरच्याकडे काहीच नको, साधा फोन असला तरी चालतो. आपल्याकडे हे २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागलं. आमच्या घरी सहा वर्षं वाय-फाय होतं आणि सहा वर्षं मी रेंजसाठी पायरीवर जाऊन उभी राहत होते.

आता एक गोष्ट जपून लक्षात ठेवण्यासारखी. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच यायची. घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. आताच्या फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. दिवे गेले की डबा बंद, वाय-फाय बंद, वाय-फाय कॉलिंगही बंद. आणि मोबाईलच्या टॉवरलाही वीज लागतेच, त्याची बॅटरी काही तासच पुरते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये महाडात सावित्रीचं पाणी शिरलं, तळियेवर दरड कोसळली, आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. तेव्हा वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. आपली माणसं कुठे आहेत हे कळायला लोकांना किती वेळ लागला, ते इकडच्या कुणालाही विचारा. म्हणून आम्ही आता वाय-फायचा डबा इन्व्हर्टरवर घेतला आहे, आणि जवळच्या नातेवाइकांचे नंबर वहीत लिहून ठेवले आहेत. आणीबाणीचा नंबर ११२. तो नेहमीच्या फोनच्या बटणांवरूनच फिरवायचा, मेसेजच्या ॲपवर त्याच्या भरवशावर राहू नका.

अजून एक शब्द सांगते, गेटवे. इंटरनेटवरून निघालेला आवाज जुन्या टेलिफोनच्या जाळ्यात जिथून शिरतो तो दरवाजा. चांगल्या कामासाठीच तो आहे, पण त्याच दरवाजातून लबाड लोकही शिरतात आणि आपल्या फोनवर खोटाच नंबर दाखवतात. परदेशात बसलेला माणूस आपल्याला मुंबईचा पोलीस म्हणून फोन करू शकतो. म्हणून स्क्रीनवर दिसणारा नंबर म्हणजे माणसाची ओळख असं समजू नका. कुणी फोनवर अटकेची भीती घालून पैसे मागितले तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर कळवा. घरातल्या वयस्कर बायकांना हे आवर्जून सांगा. त्या समोरच्याचा मान ठेवायला म्हणून फोन ठेवत नाहीत.

मग काय झालं

शेंगा सोलून झाल्यावर पुतणीने माझ्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं आणि फोन माझ्या हातात दिला. "लाव आईला. साधा लाव."

माझा हात थरथरत होता. अक्कांनी उचलला. मी काही न ठरवता म्हटलं, "अक्का, आवाज येतोय का?"

"येतोय गं. अगदी शेजारी बसल्यासारखा येतोय."

मग मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. माझं काही चुकलं असेल तर तुमचं मन मोठं आहे, मला क्षमा करा. पलीकडे पुन्हा शांतता. माझ्या पोटात गोळा आला. मग अक्का म्हणाल्या, "मी आठ महिने म्हणतेय, ही मला क्षमा करणारी कोण!" आणि रडता रडता हसायलाच लागल्या. मीही. त्यांनी फोन सासूबाईंकडे दिला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "किती दिवसांनी गं." त्यांना मी काही समजावून सांगितलं नाही. पॅकेट म्हणून काही असतं हे त्यांना सांगून काय उपयोग? पुढच्याच आठवड्यात जाऊन चार दिवस राहून आले.

या गोष्टीतला सगळा दोष मी नेटवर टाकणार नाही. ते अर्ध्या सेकंदाचं होतं. पुढचे आठ महिने माझे होते. आपण भाषासमिती वाचतो, ऐकतो. हित, मित, प्रिय बोलावं, शब्द तोलून वापरावा. मला वाटायचं की ते बोलणाऱ्यासाठी आहे आणि बोलून झालं की आपलं काम संपलं. आता वाटतं, आपण बोललो ते समोरच्यापर्यंत तसंच पोहोचलं का, हे विचारणंही त्यातच येतं. आणि ऐकणाऱ्यानेही तुटका शब्द ऐकून पुरं वाक्य मनाने रचू नये. आम्ही दोघींनी तेच केलं. जिथे आवाज नव्हता तिथे आपल्या मनातला राग भरला.

तेव्हा यंदा क्षमावाणीला, किंवा आमच्या श्वेतांबर मैत्रिणी मिच्छामि दुक्कडं म्हणायला फोन लावतील तेव्हा, एवढं करा. महत्त्वाचं बोलायचं असेल तर जिथे कांड्या पूर्ण असतात तिथे जाऊन बसा, नाहीतर वाय-फाय कॉलिंग चालू करा. ॲपवर आवाज तुटायला लागला तर ओरडून बोलू नका, ओरडल्याने पॅकेट पोहोचत नाही. ठेवा आणि साधा फोन लावा. दोघी एकदम बोलत असाल तर एकीने पूर्ण थांबा, दोन श्वास जाऊ द्या. घरात त्या वेळी कुणी सिनेमा बघत असेल तर पाच मिनिटं बंद करायला सांगा. आणि मधेच फोन बंद झाला तर "तिने ठेवला" असं म्हणायच्या आधी आपण पुन्हा लावा. एकदा नाही लागला तर दुसऱ्यांदा लावा.

आणि ज्या घरी भांडण खरंच मोठं आहे, तिथे फोन नकोच. गाडी काढा आणि जा. घाट आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये ते बटण सापडत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला विचारा, त्याला सापडतं. मला आमच्या पुतणीने शिकवलं, आता मी आळीतल्या चौघींना शिकवलं आहे.

सर्वांना उत्तम क्षमा. माझ्या लिहिण्यातून कुणाचं मन दुखावलं असेल तर मला क्षमा करा. हे वाक्य पूर्ण पोहोचलं असेल अशी आशा करते.